पाहुणीला रस्ता, लेकीला उंबरा

१९७२ साली पॅरिसहून इराणातल्या इस्फहानपर्यंत मोटारसायकलींची एक मोहीम निघाली होती, ओरियन रेड नावाची. आन-फ्रान्स दोतव्हील ही फ्रेंच तरुणी मोतो गुझ्झीची साडेसातशे सीसीची जड गाडी घेऊन तीत सामील झाली. परतल्यावर कुजबुज सुरू झाली, की बाईनं गाडी चालवली कुठली, ट्रकात टाकून नेली असणार. ती वाद घालत बसली नाही. पुढच्याच वर्षी एक छोटी कावासाकी घेऊन ती एकटी जगाच्या फेरीला निघाली, आणि त्या वाटेवर पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान हे सगळे देश होते.

इस्फहान हे नाव लक्षात ठेवा. २०१९ मध्ये त्याच इस्फहानच्या प्रशासकीय न्यायालयात एका बाईनं दाद मागितली, मला मोटारसायकलचं लायसन्स द्या म्हणून. न्यायालयानं तिच्या बाजूनं कौल दिला, देशभर बातमी झाली, पोलिसांनी हरकत घेतली आणि निकाल टिकला नाही. त्याच वर्षी नेदरलँड्सची नोराली स्खूनमाकर ही भूगर्भशास्त्रज्ञ भारतात विकत घेतलेल्या रॉयल एनफील्ड हिमालयनवर बसून ओमान, अमिराती करत इराणात उतरली. गाडीचं नाव तिनं ठेवलं होतं बसंती. एकटीनं तिनं तो देश पार केला आणि पुढं मध्य आशियातून घरी गेली. ती बाई आहे या कारणावरून सीमेवर तिची गाडी कोणी अडवली नाही, कारण लायसन्स तिच्या देशानं दिलेलं होतं.

एकच देश, एकच वर्ष, तशीच दोन चाकं. परक्या मुलुखातून आलेली बाई हजारो किलोमीटर जाते आणि त्या मातीतल्या बाईला घरापासून बाजारापर्यंतचा कागद मिळत नाही. आपल्याकडे माहेरवाशीण, पाहुणी आणि घरची सून यांना एकाच घरात वेगवेगळी वागणूक मिळते हे आपण लहानपणापासून बघत आलोय. पाहुणीच्या ताटात काय वाढलं यावरून त्या घरात सून सुखी आहे की नाही हे कधी कळत नाही. कर्मठ मुस्लिम देशांतून एकट्यानं मोटारसायकल चालवणाऱ्या बायकांबद्दल मराठीत जी चर्चा चालते ती नेमकी इथंच चुकते, असं मला वाटतं. आपण पाहुणीचं ताट बघतो आणि घराविषयी मत बनवतो.

ही मतं दोन प्रकारची असतात. एका गटाला या बायकांनी टाकलेल्या प्रत्येक व्हिडिओत धोका दिसतो: ‘त्या लोकांत’ एकटी बाई गेलीच कशी? दुसऱ्या गटाला प्रत्येक व्हिडिओत प्रेम दिसतं: बघा, पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत, घरी जेवायला नेलं, उगीच बदनाम केलंय त्यांना. पहिला गट खोटी भीती पसरवतो, दुसरा खरी गोष्ट सांगतो पण अर्धीच. दुसऱ्या गटात मी कित्येक वर्षं होते, म्हणून त्याच्याविषयी जास्त बोलणार आहे.

त्याआधी ‘मुस्लिम देश’ या शब्दाचा हिशेब करायला हवा. जगात सर्वांत जास्त मुसलमान इंडोनेशियात राहतात आणि तिथं जावा बेटावर सकाळी रस्त्यावर उभं राहिलं तर डोक्याला रुमाल, त्यावर हेल्मेट आणि खाली स्कूटर अशा बायकांची रांग संपत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोत बहुसंख्य लोक मुसलमान, आणि राजधानी वागाडुगूत बायकांच्या मोपेडी हीच रस्त्याची ओळख. मोरोक्कोच्या माराकेशमध्ये पायघोळ जेलाबा घालून स्कूटरवर भाजी आणणाऱ्या बाईकडे कोणी मान वळवून बघत नाही. आणि त्याच इंडोनेशियात, आचे प्रांतातल्या ल्होकसुमावे शहरात २०१३ मध्ये महापौरांनी फर्मान काढलं, की मागे बसणाऱ्या बाईनं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं नाही. एका देशात दोन टोकं असतील तर ‘मुस्लिम देशात बाईनं गाडी चालवावी का’ या प्रश्नाला एक उत्तर कसं असेल?

इराणचंच बघा. तिथं बायका कित्येक दशकांपासून मोटार चालवतात, टॅक्सी चालवतात. लाले सिद्दीघ या बाईनं पुरुषांशी स्पर्धा करून मोटारींच्या शर्यतीत राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. बायकांनी मोटारसायकल चालवू नये, असं वाक्य वाहतूक कायद्यात शोधून सापडत नाही. लायसन्स देण्याचं काम पोलिसांकडे सोपवणाऱ्या टिपेत ‘पुरुषांसाठी’ हा एक शब्द आहे. त्या एका शब्दाच्या आधारानं कित्येक वर्षं बायकांना परत पाठवलं गेलं. तरीही तेहरानमध्ये बायका गाड्या चालवत राहिल्या, लायसन्सशिवाय, म्हणजे अपघात झाला तर चूक कोणाचीही असो, दोष तिचाच आणि विमाही नाही. चार चाकं चालत होती, दोन चालत नव्हती. यात धर्मग्रंथाचा संबंध किती आणि बाई बसते कशी, दिसते कशी, कोणाच्या नजरेला खुपते याचा किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मला तरी दुसरंच जास्त दिसतं.

बसण्याची ही गोष्ट आपल्यालाही नवी नाही. मोटारसायकलवर एका बाजूला पाय सोडून, एका हातानं सीट धरून बसणारी साडीतली बाई हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावचं चित्र आहे आणि साडीच्या जागी सलवार-कमीज ठेवली तर लाहोरचंही आहे. १९७२ मध्ये, म्हणजे ती फ्रेंच बाई इस्फहानला गेली त्याच वर्षी, पुण्याच्या कायनेटिकनं लुना आणली. ५० सीसीची, मधे टाकी नसलेली, पेडल मारता येणारी. मधे टाकी नाही हा मुद्दा यंत्रशास्त्राचा वाटतो, पण तो साडीचा मुद्दा होता. माझी आत्या कराडकडच्या एका शाळेत शिक्षिका होती. ऐंशीच्या सुमाराला तिनं लुना घेतली तेव्हा आजोबा म्हणाले, ‘शाळेच्या दारात एसटी थांबते की.’ आत्या म्हणाली, ‘आप्पा, एसटी तिच्या वेळेला थांबते.’ पहिले काही महिने लोक ओसरीवर येऊन बघायचे. नंतर त्याच रस्त्यावर नर्सबाईची लुना आली, मग ग्रामसेविकेची. पुढं बघायला कोणी येईना.

आत्यावर कोणी व्हिडिओ केला नाही. तिनं अटकेपार झेंडा वगैरे काही लावला नाही. पण कराडचा तो रस्ता बायकांचा झाला तो तिच्यासारख्यांमुळे. म्हणून एखाद्या देशातल्या रस्त्याबद्दल मला मत बनवायचं असेल तर मी चारशे सीसीच्या परदेशी गाडीवर मागं दोन अॅल्युमिनियमच्या पेट्या लावून जाणाऱ्या बाईकडे आधी बघत नाही. दवाखान्यातून रात्रपाळी करून घरी निघालेली तिथली नर्स कशावर बसून जाते ते बघते.

पाकिस्तानात ती बहुधा भावाच्या मागं बसून जाते, किंवा रिक्षाला पगारातला मोठा हिस्सा देते. त्या देशात सत्तर सीसीची होंडा घरोघरी आहे. पण किल्ली खुंटीवरून काढायची कोणी, हे ठरलेलं असतं. २०१५ मध्ये झेनिथ इरफान ही लाहोरची वीस वर्षांची मुलगी एकटी काश्मीरकडे निघाली आणि पुढं ४,७०० मीटरच्या आसपास उंची असलेल्या खुंजेराब खिंडीपर्यंत गेली. मोटारसायकलवर जग बघायचं हे तिच्या वडिलांचं स्वप्न. ती तान्ही असतानाच ते वारले. त्यांचं राहिलेलं तिनं पुरं करायला घेतलं आणि आईनं तिला जाऊ दिलं. या आईचा विचार माझ्या मनातून जात नाही. दुसऱ्याच वर्षी, जानेवारी २०१६ मध्ये, पाकिस्तानातल्या पंजाबच्या सरकारनं ‘विमेन ऑन व्हील्स’ योजना सुरू केली: वाहतूक पोलिसांकडून बायकांना मोफत शिकवणी, आणि पुढं सवलतीत गाड्या. झेनिथच्या फेरीला जगभरातून टाळ्या मिळाल्या आणि त्या मिळायलाच हव्या होत्या. पण लाहोरच्या मैदानावर पहिल्यांदा क्लच सोडताना गाडी बंद पडलेल्या शिक्षिका, कारकून, विद्यार्थिनी यांचं मोल मला तितकंच वाटतं. तिथून पुढं त्या रोज जाणार होत्या.

आता धोक्याबद्दल. धोका नाही असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये मोरोक्कोच्या अॅटलस डोंगरात इम्लिलजवळ तंबूत झोपलेल्या दोन तरुणींना, एक डॅनिश आणि एक नॉर्वेजियन, इस्लामिक स्टेटचं नाव घेणाऱ्यांनी ठार मारलं. हे झालेलं आहे आणि सांगायलाच हवं. पाकिस्तानात बलुचिस्तानच्या रस्त्यावर परदेशी प्रवाशाला, मग तो पुरुष असो की बाई, बंदूकधारी पहाऱ्यात नेतात, ते काही हौस म्हणून नाही.

पण धोका कुठं राहतो, हे आपण फार सोयीनं ठरवतो. मार्च २०२४ मध्ये झारखंडच्या दुमका जिल्ह्यात मोटारसायकलवरून जग फिरणाऱ्या परदेशी जोडप्याचा तंबू पडला होता. नवराबायको, दोन गाड्या. कैक देश त्यांनी ओलांडले होते आणि बांगलादेशातून येऊन नेपाळकडे चालले होते. पुरुषांच्या टोळक्यानं नवऱ्याला मारहाण केली आणि तिच्यावर सामूहिक बलात्कार केला. ती एकटी नव्हती आणि तो मुस्लिम देशही नव्हता. त्यानंतरचे दोन-तीन दिवस मी प्रतिक्रिया वाचत होते. कितीतरी जणांना देशाच्या नावाची काळजी होती. कितीतरी जण विचारत होते, की तंबू टाकायला तीच जागा मिळाली का.

हा प्रश्न मी आधी ऐकला होता. सप्टेंबर २०२० मध्ये लाहोरजवळच्या महामार्गावर रात्री एका बाईच्या गाडीतलं पेट्रोल संपलं. मुलं बरोबर होती. मदतीची वाट बघत थांबलेली असताना दोघांनी काच फोडून तिला बाहेर ओढलं आणि मुलांसमोर बलात्कार केला. शहराच्या पोलीसप्रमुखांनी विचारलं, एवढ्या रात्री ती एकटी निघालीच का, वर्दळीच्या जुन्या रस्त्यानं का गेली नाही, निघताना पेट्रोल का बघितलं नाही. पाकिस्तानातल्या बायका रस्त्यावर उतरल्या, शहराशहरांत. पुढच्या मार्चमध्ये दोघांना फाशीची शिक्षा झाली. उर्दूत विचारलेला प्रश्न आणि हिंदीत विचारलेला प्रश्न मी शेजारी ठेवून बघते तेव्हा मला त्यात शब्दाचाही फरक दिसत नाही. मराठीतही तो तसाच विचारला जातो. एकट्या बाईला ‘भीती नाही वाटली?’ असं आपण कौतुकानं विचारतो, तेव्हा रस्ता भीतीदायक असणार हे आपण गृहीतच धरलेलं असतं आणि ती निभावण्याची जबाबदारी तिच्या अंगावर टाकून मोकळे झालेलो असतो.

पुन्हा त्या पाहुणचाराकडे येते. तो खरा आहे, याबद्दल मला शंका नाही. इराणात ‘तआरुफ’ नावाची रीत आहे. टॅक्सीवाला भाडं घेताना आधी म्हणतो, याचं काही मोल नाही, राहू द्या. पठाणांच्या गावात पाहुण्यासाठी हुजरा असतो, पुरुषांची बैठक. परदेशी बाई तिथं पुरुषांबरोबर चहा घेऊ शकते, आणि मग पडद्याआड जाऊन घरातल्या बायकांबरोबर जेवूही शकते. परदेशी पुरुषाला पडद्याआड जाता येत नाही आणि घरच्या बाईला हुजऱ्यात. दोन्ही दारं उघडी असतात ती फक्त तिला. मराठीनं फारसीकडून ‘रस्ता’ घेतला, ‘पडदा’ही घेतला, ‘स्वार’ही तिकडचाच. हे सगळे शब्द एकाच वेळी ज्या बाईला लागू होतात, ती बहुतेक वेळा पाहुणी असते.

या जागेवरून तिला जे दिसतं ते कोणाही पुरुष प्रवाशाला दिसणार नाही. म्हणूनच माझी तक्रार आहे. पडद्यामागे आलेली सासू, शिकायचं राहून गेलेली सून, इंग्रजी बोलायला धडपडणारी बारा वर्षांची मुलगी, या सगळ्यांना ती भेटते. आणि व्हिडिओत उरतो तो पुलाव आणि ‘किती प्रेमळ माणसं’ हे एक वाक्य.

डोक्यावरच्या रुमालाचंही तसंच. इराणात जाणारी बाई हेल्मेट काढलं की रुमाल बांधते. कायदा आहे, बांधावाच लागतो, त्यात तिला दोष नाही. पण त्याला ‘तिथल्या संस्कृतीचा मान’ म्हणणं २०२२ नंतर मला ऐकवत नाही. १६ सप्टेंबर २०२२ ला महसा अमिनी तेहरानमध्ये मरण पावली. रुमाल नीट नाही म्हणून तिला पकडलं होतं. वय २२. त्यानंतर ‘झन, झिंदगी, आझादी’ (बाई, आयुष्य, स्वातंत्र्य) म्हणत ज्या मुली रस्त्यावर आल्या त्याही त्याच संस्कृतीच्या होत्या, आणि त्यातल्या काही परत घरी गेल्या नाहीत. पाहुणीनं रुमाल बांधावा, पण त्याला कायद्याची सक्ती म्हणावं. मान म्हणू नये.

सौदी अरेबियाची गोष्ट आणखी बोचते. ६ नोव्हेंबर १९९० ला रियाधमध्ये ४७ बायकांनी मोटारी चालवल्या. त्यांचे पासपोर्ट काढून घेतले, नोकऱ्यांवरून त्यांना बाजूला केलं. बंदी उठली ती २४ जून २०१८ ला, आणि तिच्यात मोटारसायकलीही आल्या. वर्तमानपत्रांत हेल्मेट घातलेल्या सौदी मुलींचे फोटो आले. मीही ते आनंदानं इतरांना पाठवले. पण ज्या बायकांनी हा हक्क मागितला त्यांच्यातल्या काही जणी त्या दिवशी तुरुंगात होत्या. लुजैन अल-हथलूल हिला महिनाभर आधी, मेमध्ये, पकडलं होतं. ती सुटली फेब्रुवारी २०२१ मध्ये. राजानं दिलं असं दिसावं, कोणी मागून मिळवलं असं दिसू नये, याचीच ही तजवीज होती. आज तिथल्या वाळवंटातून सुंदर रस्त्यानं जाणाऱ्या परदेशी बाईनं हे नाव एकदा तरी घ्यावं, एवढी अपेक्षा जास्त आहे का?

आणि अफगाणिस्तान. तिथं मुलींना सहावीनंतर शाळा बंद. घरचा पुरुष बरोबर असल्याशिवाय बाईला ७२ किलोमीटरच्या पुढं जाता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बायकांना बंद-ए-अमीरच्या निळ्या तळ्यांवर जायलाही मनाई झाली. याच काळात परदेशी पर्यटक, त्यात बायकाही, त्या देशात फिरून हसरे फोटो घेऊन येतायत. माझं मत इथं कठोर आहे: आजच्या घडीला हौसेखातर तिथं मोटारसायकल नेऊ नये. यावर एक प्रामाणिक उत्तर मला माहीत आहे, की प्रवासी गेलेच नाहीत तर तिथल्या माणसांकडे बघणारं कोणी उरणार नाही, खानावळवाल्याचं पोट कशावर चालेल. इराणबाबत मला हे पटतं. लंडनमध्ये इराणी दूतावासाजवळ उभ्या केलेल्या मोटारसायकलवर लोइस प्राइस या इंग्रज बाईला एका अनोळखी इराण्याची चिठ्ठी सापडली होती, आमच्या देशात ये, शिराझ बघ अशी. आणि ती गेलीही. तिथल्या माणसांना आपण यावं असं वाटतं. पण जिथं सरकार पाहुणीच्या फोटोचा वापर ‘बघा, बायका इथं मोकळ्या फिरतात’ असं दाखवायला करू शकतं आणि घरच्या बाईला तळ्यावरही जाऊ देत नाही, तिथं ते ताट मागं सारावं.

पुण्याशी या सगळ्याचा एक धागा जुळलेला आहे. मराल याझारलू इराणात जन्मल्या, शिकायला पुण्यात आल्या आणि पुण्याच्या झाल्या. मार्च २०१७ मध्ये त्या इथूनच मोटारसायकलवर जगाच्या प्रवासाला निघाल्या आणि दीड वर्षात सातही खंड करून आल्या. त्यांना आपल्या रस्त्यांनी चालवू दिलं, अंटार्क्टिकानं येऊ दिलं; जन्मगावच्या देशात मात्र त्यांच्या मैत्रिणींना साधं लायसन्स मिळत नव्हतं, आणि ते मिळावं ही मागणी त्यांनी उघडपणे केली. पाहुणी आणि लेक या दोघी त्यांच्यात एकत्र आल्या होत्या, म्हणून त्यांना ही गोष्ट विसरणं शक्यच नव्हतं. बाकीच्यांना विसरणं फार सोपं जातं.

आपल्याकडूनही आता मुली निघतायत. वाघा ओलांडून जाता येत नाही, म्हणून गाडी जहाजातून दुबईला नाहीतर इराणच्या बंदर अब्बासला पाठवायची, मुंबईत कार्नेसाठी, म्हणजे गाडी तात्पुरती परदेशात नेण्याच्या कागदासाठी, मोठी रक्कम अडकवायची, आणि मग पुढचा रस्ता. त्यांनी जावं. जाताना चेन स्प्रे, जादा क्लच केबल, पंक्चरचं सामान घ्यावं. इस्फहानला नक्श-ए-जहान चौकात उतरावं, निळे घुमट बघावेत, लोक घरी नेतील, तिथं जेवावं. आणि संध्याकाळी घरातली एखादी मुलगी बाहेर येऊन गाडीच्या हँडलवर हात ठेवेल, तेव्हा तिला विचारावं, तू चालवतेस का, तुला लायसन्स मिळालं का, मागायला गेलीस तेव्हा काय म्हणाले. तिचा चेहरा दाखवू नये, नाव सांगू नये. पण तिचं उत्तर केशरभाताच्या आधी सांगावं.